पेलेनोरचा वेढा : उक्ती, कृती आणि शैली

१

इतिहासात घडलेल्या लढाईचे वर्णन करणाऱ्या लेखकाला निकाल आधीच दिलेला असतो. तो का लागला एवढेच त्याला सांगावयाचे असते. कल्पित जगातील लढाईची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे निकाल लेखकाच्या हाती असल्यामुळे वाचकाच्या मनात एकच शंका सतत जागी राहते : हा निकाल लेखकाला हवा होता म्हणून लागला, की त्या जगाच्या स्वतःच्या नियमांनी तो अपरिहार्य केला? ज्या कृतीत या शंकेला समाधानकारक उत्तर मिळत नाही, तिच्यातील युद्ध कितीही भव्य असले तरी ते आतषबाजीपलीकडे जात नाही.

जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा तिसरा खंड, 'द रिटर्न ऑफ द किंग', ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मिनास तिरिथ नगरीचा वेढा आणि त्या नगरीसमोरील पेलेनोरच्या मैदानावरील लढाई हा विसाव्या शतकातील कल्पित युद्धवर्णनांपैकी सर्वाधिक वाचला गेलेला भाग असावा. या भागाच्या शैलीवर प्रारंभापासून आक्षेप घेतले गेले. १९५६ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी या कादंबरीचे गद्य आणि पद्य दोन्ही हौशी प्राध्यापकी पातळीचे ठरविले. जुनाट शब्द, उलट्या क्रमाची वाक्ये आणि दरबारी संभाषणे हा सारा उसना साज आहे, असे या आक्षेपांचे सार सांगता येईल. बखरीची भाषा उसनी घेणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीवर मराठीत जो आक्षेप घेतला जातो, त्याच जातीचा हा आक्षेप आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या वेढ्याचा निकाल शस्त्रांइतकाच, किंबहुना शस्त्रांहून अधिक, उच्चारलेल्या शब्दांनी लागतो; आणि म्हणून भाषेचे स्तर हा येथे साज नसून रचनेचा कणा आहे. तो काढून घेतला तर वेढ्याचे वर्णन फिके पडेल एवढेच नव्हे, तर वेढा का उठला हेच कळेनासे होईल. या प्रतिपादनाला एक मर्यादाही आहे. तिचा विचार शेवटी केला आहे.

२

कथानक थोडक्यात असे. पूर्वेकडील मॉर्डोरचा अधिपती साउरॉन आपली हरवलेली अंगठी मिळवून सर्व जग जिंकू पाहतो. ती अंगठी नष्ट करण्यासाठी दोन हॉबिट गुप्तपणे त्याच्याच प्रदेशात शिरलेले आहेत. दरम्यान त्याचे सैन्य गोंडोर या प्राचीन राज्याची राजधानी मिनास तिरिथ हिला वेढा घालते. नगरीचा कारभार वंशपरंपरागत कारभारी डेनेथॉर पाहतो, कारण सिंहासन शतकानुशतके रिकामे आहे. उत्तरेकडील रोहानचा वृद्ध राजा थेओडेन आपले घोडदळ घेऊन कुमकेला येतो; आणि सिंहासनाचा खरा वारस अ‍ॅरागॉर्न नदीमार्गे शत्रूच्याच जहाजांतून येऊन पोहोचतो. टोल्किन यांनी दिलेल्या कालपटाप्रमाणे निर्णायक लढाई तिसऱ्या युगाच्या ३०१९ व्या वर्षी १५ मार्च रोजी होते. वेढा प्रत्यक्षात दोन दिवसही टिकत नाही.

लेखकाचा व्यवसाय येथे लक्षात घेतला पाहिजे. टोल्किन १९२५ पासून १९४५ पर्यंत ऑक्सफर्ड येथे अँग्लो-सॅक्सन भाषेचे, आणि त्यानंतर १९५९ पर्यंत इंग्रजी भाषा व साहित्य यांचे प्राध्यापक होते. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ त्यांनी ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या कार्यालयात काम केले होते. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत ते आपल्या पलटणीचे संदेशवहन अधिकारी होते. निरोप वेळेवर न पोहोचणे म्हणजे काय, हे त्यांनी प्रत्यक्ष रणभूमीवर अनुभवलेले होते. शब्दाचा इतिहास आणि संदेशाचा प्रवास हे दोन्ही विषय त्यांच्या वेढावर्णनात एकत्र आले आहेत.

कादंबरीच्या परिशिष्टात त्यांनी एक महत्त्वाचा संकेत मांडला आहे. मूळ ग्रंथ 'वेस्ट्रॉन' या सर्वसामान्य भाषेत होता व आपण तो इंग्रजीत अनुवादित केला, अशी त्यांची भूमिका आहे. वेस्ट्रॉनच्या जागी आधुनिक इंग्रजी ठेवल्यावर, तिच्याशी नाते असलेल्या पण जुन्या वळणाच्या रोहानच्या भाषेच्या जागी त्यांनी प्राचीन इंग्रजी ठेवली. थेओडेन हे नाव प्राचीन इंग्रजीतील 'राजा' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे; एओविन या नावात 'घोडा' आणि 'आनंद' हे दोन शब्द आहेत. गोंडोरमधील स्थलनामे मात्र एल्फांच्या सिंदारिन भाषेतील आहेत. मिनास तिरिथ म्हणजे पहाऱ्याचा मनोरा. त्याच नगरीला रोहानचे लोक मुंडबुर्ग म्हणतात. एकाच तटबंदीला दोन नावे आहेत, आणि ती दोन भिन्न स्मृती सांगतात : एक सागरापलीकडून आलेल्या राजवंशाची, दुसरी घोड्यांच्या पाठीवर वाढलेल्या मित्रांची. लढाईच्या प्रकरणाचा शेवट रोहानच्या एका कवीने पुढे रचलेल्या शोकगीताने होतो, आणि त्या गीतात नगरीचे नाव मुंडबुर्ग असेच येते. नगरी वाचली ती मित्रांच्या बळावर, हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही. नावाच्या निवडीतच ते सांगून झालेले असते.

३

वेढ्याच्या पूर्वरंगात पिपिन हा तरुण हॉबिट डेनेथॉरच्या दरबारात येतो आणि आपल्यासाठी प्राण देणाऱ्या बोरोमिरच्या ऋणाची फेड म्हणून त्याच्या पित्याची सेवा पत्करतो. शपथ ठरलेल्या शब्दांत घ्यावयाची असते. डेनेथॉर ते शब्द सांगतो व पिपिन ते उच्चारतो. मग डेनेथॉरही ठरलेल्याच शब्दांत स्वीकार करतो. या क्षणानंतर पिपिनची स्थिती बदललेली असते. ऑक्सफर्डमधीलच तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेली, व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेली, व्याख्याने याच प्रकारच्या वाक्यांविषयी होती. ही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती वस्तुस्थिती घडवितात. या दोघांत वैचारिक देवाणघेवाण होती असे सुचविण्याचे कारण नाही. तथापि ऑस्टिन यांनी ज्याचे विवेचन केले त्याचेच चित्रण टोल्किन करीत होते, हे त्या वर्षाचे एक लक्षणीय साम्य होय.

याच प्रसंगाविषयी परिशिष्टात एक टीप आहे, आणि मराठी वाचकाला ती इंग्रज वाचकापेक्षा अधिक जवळची वाटेल. वेस्ट्रॉनमध्ये द्वितीय पुरुषात, आणि पुष्कळदा तृतीय पुरुषातही, सलगीचे आणि आदराचे असे वेगळे सर्वनामरूप होते. हा भेद वचनावर अवलंबून नव्हता. हॉबिटांच्या प्रदेशात आदराची रूपे बोलण्यातून लुप्त झालेली होती. त्यामुळे पिपिन पहिले काही दिवस नगरीत सर्वांना, खुद्द डेनेथॉरलाही, एकेरी संबोधीत होता. वृद्ध कारभाऱ्याला त्याची गंमत वाटली असेल, पण सेवक थक्क झाले असले पाहिजेत. आणि हा पाहुणा स्वदेशी कोणी फार मोठा मनुष्य असला पाहिजे अशी वदंता पसरण्यास हे कारण झाले असावे, असे टोल्किन नोंदवितात.

आजच्या इंग्रजीला हे दाखविता येत नाही, कारण तिच्यात एकच सर्वनाम उरले आहे. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशा तीन पायऱ्या आहेत, आणि 'तो' व 'ते' यांतही आदराचा भेद आहे. फरक इतकाच की मराठीत आदर अनेकवचनाच्या रूपानेच व्यक्त होतो. म्हणजे मूळ इंग्रजी ग्रंथात जे केवळ टीपेत सांगावे लागले, ते मराठीत पिपिनच्या प्रत्येक वाक्यात ऐकू येऊ शकते. दरबारात उभा राहून कारभाऱ्याला 'तू' म्हणणारा पोर आणि त्याच्याभोवती श्वास रोखून उभे असलेले सेवक हे चित्र मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही.

या पार्श्वभूमीवर डेनेथॉर आणि त्याचा धाकटा मुलगा फारामिर यांच्या संवादाचे क्रौर्य उठून दिसते. पितापुत्र एकमेकांशी अत्यंत औपचारिक भाषेत बोलतात. आपण आणि मृत थोरला भाऊ यांच्या जागांची अदलाबदल झाली असती तर बरे, असे पित्याला वाटते काय, हे फारामिर विचारतो. पिता होकार देतो. त्यानंतर पडलेल्या ओसगिलिआथच्या रक्षणासाठी मुलगा निघतो. या प्रसंगी कोणीही आवाज चढवीत नाही. आदराची भाषा येथे दुरावा झाकण्याचे नव्हे, तर दुरावा टिकविण्याचे साधन झाली आहे. परक्या मुलाचा एकेरी उच्चार कौतुकाने सोसणारा मनुष्य स्वतःच्या मुलाचा आदरार्थी उच्चार सोसू शकत नाही, ही विसंगती भाषेच्या पातळीवर लक्ष ठेवल्याशिवाय हाती लागत नाही.

४

नगरीचा बाहेरचा तट पोलादाने वा अग्नीने न फुटणाऱ्या काळ्या पाषाणाचा आहे. म्हणून वेढेकऱ्यांचा पहिला मारा दगडांवर नसतो, मनांवर असतो. यंत्रांनी तटावरून आत फेकली जातात ती पडलेल्या सैनिकांची मस्तके. आकाशात फिरणाऱ्या नाझगूलांच्या किंकाळ्यांत शब्द नसतात, पण त्या ऐकून पहारेकऱ्यांच्या हातांतील शस्त्रे गळून पडतात. तट अभेद्य असल्यामुळे दुबळा बिंदू एकच उरतो, तो म्हणजे महाद्वार.

ते फोडण्यासाठी शंभर फूट लांबीचा, लांडग्याच्या मुखाचा पोलादी ओंडका आणला जातो. त्याला ग्रॉन्ड असे नाव आहे. हे नाव पूर्वयुगातील अंधकाराच्या अधिपतीच्या हातोड्याचे. निर्जीव यंत्राला जुने नाव देणे म्हणजे त्याच्यामागे एक स्मृती उभी करणे होय. तरीही केवळ ओंडक्याने द्वार फुटत नाही. नाझगूलांचा नायक पुढे येतो आणि विस्मृतीत गेलेल्या कोणत्या तरी भाषेत तीन वेळा शब्द उच्चारतो. प्रत्येक उच्चाराबरोबर एक आघात होतो आणि तिसऱ्या आघाताला द्वार कोसळते. ते शब्द कोणते, हे वाचकाला सांगितले जात नाही. ज्या लेखकाने अनेक भाषांचे शब्दसंग्रह व व्याकरणे रचली, त्याने नेमक्या या ठिकाणी एकही शब्द दिलेला नाही. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. ज्या भाषेचा अर्थ लावता येत नाही ती केवळ बळ म्हणून उरते, आणि शत्रूच्या भाषेविषयी लेखकाला हेच सांगावयाचे आहे.

भग्न द्वारात घोड्यावर बसून गॅन्डाल्फ एकटाच उभा असतो. तो शत्रूला परत जाण्याची आज्ञा करतो. शत्रू हसून त्याला मूर्ख म्हणतो. या ठिकाणी वाचकाला दोन सामर्थ्यवान वक्त्यांच्या द्वंद्वाची अपेक्षा असते, परंतु ते द्वंद्व होत नाही. नगरीत कोठे तरी एक कोंबडा आरवतो. त्याला युद्धाची किंवा मंत्रविद्येची वार्ताही नाही. पहाट झाली एवढेच त्याला ठाऊक आहे. आणि त्याला उत्तर म्हणून दूरवरून रोहानची रणशिंगे ऐकू येतात. शत्रूच्या अर्थशून्य मंत्राला उत्तर मिळते तेही निःशब्दच ध्वनीचे, पण ते दोन्ही ध्वनी सत्य आहेत : एक दिवस उगवल्याचे सांगतो आणि दुसरा दिलेले वचन पाळल्याचे.

हा दुसरा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. गोंडोरने मदतीची खूण म्हणून लाल बाण घेऊन हिरगॉन या जासुदाला रोहानकडे पाठविले होते. थेओडेनने वचन दिले. पण ते वचन घेऊन परतणारा हिरगॉन वाटेत मारला गेला आणि निरोप नगरीत पोहोचलाच नाही. रोहानच्या स्वारांना त्याचे प्रेत सापडते तेव्हा बाण त्याच्या मुठीतच असतो. म्हणजे रणशिंगांचा आवाज हा त्या न पोहोचलेल्या उत्तराचाच उशिरा आलेला उच्चार होय.

येथे एक शैलीविषयक तपशील नोंदविण्यासारखा आहे. महाद्वार फुटते तेव्हा आणि पुढच्या प्रकरणात थेओडेनने जिवाच्या आकांताने फुंकलेले शिंग फुटते तेव्हा लेखकाने एकच क्रियापद योजिले आहे. मंत्राने फुटलेले द्वार आणि हाकेने फुटलेले शिंग यांची जोडी त्या एका क्रियापदाने लागते. अशी योजना आधुनिक वृत्तपत्री गद्यात बसत नाही. तिच्यासाठी पुनरुक्ती सहन करणारे जुन्या कथनाचे गद्यच लागते.

५

रोहानचे स्वार नगरीपर्यंत पोहोचतात ते वनवासी लोकांच्या साहाय्याने. त्यांचा मुखिया गान-बुरी-गान मोडक्या वेस्ट्रॉनमध्ये बोलतो. परंतु आम्ही रानटी असलो तरी पोरे नव्हेत, असे बजावून तो रोहानच्या सैन्याची मोजणी सांगतो : विसांची वीस, ती दहा आणि पाच वेळा मोजलेली. हिशेब केला तर चारशेच्या पंधरा पट, म्हणजे सहा हजार. आणि थेओडेनजवळ तेवढेच भाले आहेत. विसांच्या पटीत मोजण्याची पद्धत जुन्या मराठी व्यवहारातही परिचित आहे. भाषेचे मोडकेपण म्हणजे बुद्धीचे मोडकेपण नव्हे, हा भाषाशास्त्राचा पहिला धडा लेखकाने युद्धाच्या ऐन धामधुमीत एका आकड्याने शिकविला आहे. मोबदला म्हणून तो मुखिया एवढेच मागतो की, यापुढे त्याच्या लोकांची जनावरांप्रमाणे शिकार होऊ नये.

थेओडेन सैन्याला हाक देतो ती प्राचीन इंग्रजी काव्याच्या अनुप्रासयुक्त वळणाने. या ठिकाणापासून निवेदनही बदलते. गौण वाक्ये कमी होतात, छोटी प्रधान वाक्ये एकामागून एक जोडली जातात, क्रियापद अनेकदा आधी येते. पिपिनच्या शेजारून चालणारे निवेदन आता जणू रोहानच्या कवीचे झालेले असते. म्हणजे शैली येथे 'लेखकाची' नाही. ज्याच्या कानांनी लढाई ऐकावयाची त्याची ती आहे.

६

लढाईचा मर्मबिंदू म्हणजे नाझगूलांच्या नायकाचा अंत. त्याच्याविषयी शेकडो वर्षांपूर्वीचे भाकीत असे की, तो 'मॅन'च्या हाताने पडणार नाही. पडलेल्या थेओडेनजवळ पुरुषवेषात उभी असलेली त्याची भाची एओविन हसते, आपण स्त्री असल्याचे सांगते आणि स्वतःचे व पित्याचे नाव उच्चारते. तिने धारण केलेले डर्नहेल्म हे नावही बोलके आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'गुप्त शिरस्त्राण' असा होतो. दुसरा आघात करणारा मेरियाडॉक हा हॉबिट आहे, म्हणजे मनुष्यजातीचा नाही. त्याच्या हातातील खड्ग पूर्वी याच शत्रूविरुद्ध घडविलेले असते. एका शब्दाच्या दोन अर्थांतून दोन व्यक्ती निसटतात, आणि भाकीत शब्दशः खरे ठरते.

ही क्लृप्ती शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधील भाकिताची आठवण करून देते, आणि भारतीय वाचकाला हिरण्यकशिपूच्या वराची. परंतु टोल्किन यांच्या ठिकाणी तिचा पाया शब्दाच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत 'मन्न' म्हणजे मनुष्यमात्र. पुरुषासाठी 'वेर' आणि स्त्रीसाठी 'वीफ' हे वेगळे शब्द होते. पुढे पुरुषवाचक शब्द लोपला आणि 'मॅन' या एकाच शब्दावर दोन्ही अर्थांचा भार पडला. नाझगूलांचा नायक त्या शब्दाचा एकही अर्थ तपासून पाहत नाही. भाकीत म्हणजे अभयपत्र, असे तो समजतो. स्वतःचे मूळ नाव हरवलेला हा राजा स्वतःचे नाव उच्चारणाऱ्या स्त्रीकडून मारला जातो, ही रचनाही आकस्मिक नाही.

मराठीत हा प्रसंग उतरविताना 'पुरुष' म्हटले तर मेरियाडॉकचा भाग गळतो, 'मनुष्य' म्हटले तर एओविनचा. 'माणूस' हा शब्द जवळ येतो, पण 'बाईमाणूस' हा प्रयोग त्याची धार बोथट करतो. दोन्ही अर्थ समर्थपणे पेलणारा शब्द म्हणजे 'नर'. 'नर-मादी' या जोडीत तो पुल्लिंगवाचक आहे, तर 'नरदेह', 'नरबळी', 'नरभक्षक' यांत मनुष्यमात्रवाचक. 'नराच्या हातून त्याला मरण नाही' या वाक्यात इंग्रजीतील संदिग्धता पूर्णपणे वसते. आणि वरशापांच्या कथांत रुळलेला तो शब्द भाकिताच्या भाषेलाही साजतो.

सर्वनामांचा प्रश्न येथे पुन्हा येतो. नाझगूलांचा नायक एओविनला लुप्तप्राय एकेरी सर्वनामाने संबोधतो. ती त्याला नेहमीच्या रूपाने उत्तर देते. परंतु काही दिवसांपूर्वी, मृतांच्या वाटेने निघालेल्या अ‍ॅरागॉर्नला निरोप देताना, तिनेच हे एकेरी सर्वनाम वापरलेले असते. आदराच्या रूपावरून सलगीच्या रूपावर झालेला असा बदल अर्थपूर्ण असू शकतो, असे टोल्किन यांनी तळटीपेत सांगितले आहे. अ‍ॅरागॉर्न मात्र औपचारिक संबोधन सोडीत नाही. एकाच सर्वनामाने एकदा प्रेम व्यक्त झाले आणि एकदा तुच्छता. या दोन उच्चारांमध्ये एओविनची सारी कथा सामावते. 'तू' या मराठी शब्दाला हे दोन्ही स्वर जन्मतःच अवगत आहेत.

७

शब्दांप्रमाणे खुणांचाही या वेढ्यात वाटा आहे. डेनेथॉरजवळ दूरदर्शनाचा एक प्राचीन गोलक असतो. त्यात दिसणारे खोटे नसते, पण काय दिसावे यावर शत्रूचा प्रभाव असतो. नदीवरून येणारी काळ्या शिडांची जहाजे तो पाहतो. दृश्य खरे आहे, लावलेला अर्थ खोटा. जहाजांवर आता अ‍ॅरागॉर्न आहे. निराश झालेला डेनेथॉर पिपिनला सेवेतून मुक्त करतो, जखमी फारामिरसह चितेवर चढू पाहतो आणि अखेर स्वतः जळून मरतो. रणांगणावर एओमेरही तीच शिडे पाहतो व तोच अर्थ लावतो. परंतु तो एका टेकडीवर निशाण रोवून शेवटच्या झुंजीचे कवन म्हणतो. त्याच क्षणी जहाजावर पांढरा वृक्ष आणि सात तारे असलेला ध्वज उलगडतो.

दोघांचेही वाचन चुकलेले असते. भेद एवढाच की डेनेथॉरने अर्थ अंतिम मानला, तर एओमेरने अर्थ कळल्यावरही आपले कर्तव्य शिल्लक आहे असे मानले. मुक्त झालेला पिपिनही शपथेतून सुटल्यावर स्वस्थ बसत नाही. तो फारामिरला वाचविण्यासाठी धावतो. शब्दाचे बंधन संपल्यावर उरणारी निष्ठा ही शब्दाहून मोठी असते, हे वेढ्यातील सर्वांत लहान योद्ध्याच्या कृतीतून दिसते.

८

आता शैलीवरील मूळ आक्षेपाकडे वळता येईल. ह्यू ब्रोगन या तरुण वाचकाने दुसऱ्या खंडातील जुनाट भाषेविषयी तक्रार केली होती. सप्टेंबर १९५५ मध्ये टोल्किन यांनी तिला उत्तर लिहावयास घेतले. तो मसुदा त्यांनी पाठविला नाही, पण पुढे त्यांच्या पत्रसंग्रहात तो प्रसिद्ध झाला. थेओडेनचे एक वाक्य आधुनिक बोलीत करून दाखवून त्यांनी तेथे असा युक्तिवाद केला की, जो राजा असे आधुनिक बोलेल तो मुळात तसा विचारच करणार नाही. शब्द आणि आशय यांची फारकत होऊन विचारच खोटा ठरेल. वर पाहिलेल्या उदाहरणांवरून हा युक्तिवाद ग्राह्य ठरतो. शपथ, भाकीत, आव्हान व रणहाक यांना बळ असते ते त्यांच्या ठरलेल्या शब्दरूपामुळेच. शिवाय ही भाषा सर्वत्र एकाच उंचीवर नाही. मरणोन्मुख थेओडेन मेरियाडॉकशी बोलतो तेव्हा त्याला राहून गेलेल्या गप्पा आठवतात आणि हॉबिटाच्या तंबाखूच्या चिलमीची गोष्ट निघते. उच्च आणि साधी भाषा येथे परस्परांना खोटे पाडीत नाहीत. एकमेकींची परीक्षा घेतात.

तथापि ज्या कसोटीवर ही शैली टिकते, त्याच कसोटीवर तिचे एक न्यून उघड होते. या वेढ्यात शब्द हेच सामर्थ्य असेल, तर शब्द कोणाला दिले गेले हे विचारले पाहिजे. गोंडोर, रोहान, हॉबिट, वनवासी, इतकेच काय पण नाझगूलांचा नायकही, या सर्वांना वाणी आहे. दक्षिणेकडील हाराडचे आणि पूर्वेकडील देशांचे हजारो मनुष्यसैनिक या मैदानावर लढतात व मरतात. ते शूर होते, त्यांनी जीवदान मागितले नाही, हे लेखक मान्य करतो. परंतु त्यांच्या तोंडी एकही वाक्य नाही. ऑर्कांनाही इतरत्र संवाद मिळाले आहेत. या माणसांना मिळालेले नाहीत. दुसऱ्या खंडात एका मृत दाक्षिणात्य सैनिकाकडे पाहून सॅमच्या मनात त्याचे नाव काय असेल, तो खरोखरच दुष्ट होता काय, असे प्रश्न येतात. प्रश्न लेखकाला सुचला होता. पेलेनोरवर त्याचे उत्तर ऐकण्यासाठी तो थांबला नाही. युद्धानंतर अ‍ॅरागॉर्न या लोकांशी तह करतो, पण तोही वृत्तान्तरूपाने सांगितला जातो. गान-बुरी-गानच्या मोजणीला जो न्याय मिळाला तो त्यांना मिळाला असता, तर नगरीचा विजय कमी झाला नसता. त्याची किंमत मात्र अधिक स्पष्ट झाली असती.

हे न्यून मान्य करूनही मुख्य निष्कर्ष कायम राहतो. पेलेनोरचा वेढा लेखकाच्या मर्जीने उठत नाही. पाळलेले वचन, नीट न वाचलेले भाकीत आणि योग्य क्षणी उच्चारलेले नाव यांनी तो उठतो. आणि या तिन्ही गोष्टी भाषेच्या स्तरांशिवाय घडूच शकत नाहीत. शैली म्हणजे आशयावर चढविलेले वस्त्र, ही समजूत घेऊन या प्रकरणांकडे जाणाऱ्या समीक्षकाच्या हाती वस्त्रच लागेल. अभ्यासकाने येथे सर्वनामांपासून सुरुवात करावी, आणि मराठी अनुवादकाने तर निश्चितच; कारण मूळ भाषेने जे गमावले होते ते त्याच्या भाषेत अजून जिवंत आहे.